बिनरक्ताची जखम

बोटाला विळी लागली की रक्त येते. आपण बोट धुतो, हळद दाबतो. थोड्या वेळाने रक्त थांबते, खपली धरते आणि आठवड्याभरात ती गळून पडते. जखम भरणे म्हणजे काय, हे आपण सगळे लहानपणापासून असे पाहत आलो आहोत. पण आपल्या शरीरात एक जागा अशी आहे की तिथे जखम झाली तर रक्ताचा थेंबही येत नाही, खपली धरत नाही आणि तरीही ओरखडा लहान असेल तर एक-दोन दिवसांत तो असा भरून येतो, की नंतर शोधला तरी सापडू नये. ही जागा म्हणजे डोळ्याच्या पुढची काच. मराठीत तिला पारपटल म्हणतात, इंग्रजीत कॉर्निया. नेत्रदानाच्या फलकांवर आपण ढोबळपणे ‘बुबुळ’ म्हणतो ते हेच.

रक्तच नाही, तर मग जखम भरायला येते कोण? प्रश्न साधा वाटतो. पण या प्रश्नाने दीडशे वर्षांहून अधिक काळ मोठमोठ्या संशोधकांना कामाला लावले. मी तीस वर्षे ऊसपट्ट्यात डोळ्यांचा डॉक्टर म्हणून काम केले. उसाचे पाते, भाताची लोंबी, चुन्याची पुडी यांनी दुखावलेले डोळे रोज पाहिले. या प्रश्नाच्या उत्तरावर माणसाची दृष्टी कशी अवलंबून असते, तेही पाहिले. म्हणून आज हा इतिहास सांगावासा वाटतो.

आधी ही काच कशी असते ते पाहू. मध्यावर तिची जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर असते. एवढ्या जाडीत थरांवर थर असतात. सर्वांत वर पाच ते सात पेशींचा पातळ पापुद्रा. त्याखाली एक चिवट पडदा. १८४० च्या दशकात विल्यम बोमन या इंग्रज शल्यवैद्याने त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला बोमनचा थर म्हणतात. त्याखाली मधला जाड थर. काचेची नव्वद टक्के जाडी याच थराची. त्याच्यामागे आणखी एक पातळ पडदा. तो फ्रान्समधल्या देसमे यांच्या नावाने ओळखला जातो, १७५८ पासून. आणि सर्वांत आत, डोळ्यातल्या पाण्याला लागून, पेशींची एकच रांग. २०१३ साली नॉटिंगहॅमचे मूळ भारतीय डॉक्टर हरमिंदर दुआ यांनी देसमेच्या पडद्यापुढे आणखी एका थराची भर घातली. त्याला वेगळा थर म्हणावे की नाही, यावर वाद झाला. पण शस्त्रक्रिया करणाऱ्यांना त्याचा उपयोग झाला.

या संपूर्ण काचेत एकही रक्तवाहिनी नसते. असती तर आपल्याला नीट दिसलेच नसते. काचेला प्राणवायू मिळतो तो समोरच्या हवेतून, अश्रूंवाटे. बाकीचे पोषण येते ते मुख्यतः आतल्या पाण्यातून.

आता चला बर्लिनला, १८६७ सालात. रुडॉल्फ फिरखो हे त्या काळी वैद्यकातले मोठे प्रस्थ होते. प्रत्येक पेशी ही आधीच्या पेशीपासूनच जन्मते, हा विचार त्यांनी रुजवला होता. जखमेत पू होतो, त्या पुवातल्या पेशी कुठून येतात? फिरखोंचे उत्तर होते, की जिथे जखम तिथल्याच पेशी वाढून त्या होतात. म्हणजे सगळा मामला स्थानिकांचा. त्यांच्याच संस्थेत काम करणाऱ्या युलियस कोनहाइम या अठ्ठावीस वर्षांच्या तरुणाला हे पटले नाही. त्याने परीक्षेसाठी जागा निवडली ती बेडकाच्या डोळ्याची काच. कारण उघड आहे. तिथे मुळात रक्तच नाही. तेव्हा तिथे रक्तातली पेशी दिसली, तर ती बाहेरून आली असलीच पाहिजे.

कोनहाइमने बेडकाच्या शरीरात निळ्या रंगाचे कण सोडले. रक्तातल्या पांढऱ्या पेशी असे कण गिळतात, हे माहीत होते. मग त्याने काचेचा मध्यभाग औषधाने भाजला आणि वाट पाहिली. काच गढूळ झाली आणि तिच्यात निळे कण पोटात घेतलेल्या पेशी दिसल्या. त्या काठाच्या रक्तवाहिन्यांतून निघून आत आल्या होत्या. गुरूच्याच छत्राखाली बसून शिष्याने गुरूचे मत खोडून काढले. व्हिएन्नातल्या श्ट्रिकर यांच्यासारख्या काहींनी पुढे बरीच वर्षे विरोध केला, पण पुवाच्या बाबतीत कोनहाइमचे म्हणणे टिकले. जखमेवर पहारेकरी धावून येतात ते बाहेरून. मात्र पहारेकरी येणे वेगळे आणि घर पुन्हा बांधणे वेगळे. बांधकाम कोण करते, हा प्रश्न तसाच राहिला. त्याचे उत्तर तिन्ही मुख्य थरांसाठी वेगवेगळे निघाले.

पहिले वरच्या पापुद्र्याचे. समजा, तान्ह्या बाळाचे नख आईच्या डोळ्याला लागले आणि पापुद्रा खरवडला गेला. पहिले काही तास वरवर पाहता काहीच घडत नाही. मग जखमेच्या काठावरच्या पेशी चपट्या होतात, त्यांना पुढच्या बाजूला पायांसारखे पातळ फाटे फुटतात आणि त्या सरकू लागतात. एकेकट्या नव्हे. एकमेकींचा हात न सोडता, दिंडी निघावी तशी अख्खी ओळ पुढे सरकते. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांमध्ये हा वेग ताशी साठ ते सत्तर मायक्रॉन मोजला गेला आहे. म्हणजे दिवसाला साधारण दीड मिलिमीटर. चारी बाजूंनी अशा दिंड्या आल्या, की दोन-तीन मिलिमीटरचा ओरखडा दिवसभरात झाकला जातो. आधी जागा झाकायची, पेशींची संख्या नंतर वाढवायची, असा हा क्रम आहे.

झाकले म्हणजे भरले, असे मात्र नाही. या पेशी खालच्या पडद्याला बारीक खुंट्यांनी बांधलेल्या असतात. जखमेत तो पडदाही फाटला असेल, तर खुंट्या पुन्हा पक्क्या व्हायला काही आठवडे, कधी दोन महिने लागतात. म्हणून त्या आईचा डोळा दोन दिवसांत बरा होतो आणि महिन्याभराने एके दिवशी पहाटे पापणी उघडताना अचानक काच फुटावी तशी कळ येते. पापणीला चिकटून कच्चा पापुद्रा पुन्हा उचकटलेला असतो. दुखण्यात खोट नसते, खुंट्या कच्च्या असतात. त्या बाईला घरात ‘नाटकी’ ठरवले गेल्याचे मी एकाहून अधिक वेळा ऐकले आहे.

पण या दिंडीत नवे वारकरी येतात कुठून? रोज डोळे मिचकावताना पापुद्र्याच्या जुन्या पेशी गळत असतात. सात ते दहा दिवसांत पापुद्रा जवळजवळ नवा होतो. जमा कुठून होते, याचा पहिला धागा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सापडला. मस्टर्ड गॅसने भाजलेल्या डोळ्यांचा अभ्यास त्या वेळी इंग्लंडमध्ये चालू होता आणि त्यात आयडा मान या नेत्रतज्ज्ञ बाई होत्या. १९४४ साली त्यांनी सशांच्या जिवंत डोळ्यांतले एक निरीक्षण प्रसिद्ध केले. काचेचा आणि पांढऱ्या भागाचा सांधा असतो, तिथले काळे रंगद्रव्य जखम भरताना काचेवर सरकत आलेले त्यांना दिसले. १९७१ साली डावांगेर आणि एवेन्सेन या दोन नॉर्वेजियन संशोधकांनी गिनीपिगच्या डोळ्यांत हेच पाहून ठामपणे लिहिले, की पापुद्र्याचा खरा कारखाना काठावर आहे.

१९८३ साली थॉफ्ट आणि फ्रेंड या अमेरिकन संशोधकांनी यातून वाण्याच्या वहीसारखा हिशेब मांडला. खालून वाढणाऱ्या पेशी अधिक काठाकडून सरकणाऱ्या पेशी बरोबर गळणाऱ्या पेशी. हिशेब जुळला तर काच स्वच्छ. १९८६ आणि १९८९ च्या संशोधनांनी काठावर मूलपेशी, म्हणजे स्टेम सेल, असल्याचे पुरावे दिले. एका बारीकशा वर्तुळाकार पट्टीत हे बी-बियाणे साठवलेले असते. ते शाबूत असेपर्यंत पापुद्रा पुन्हा पुन्हा उगवतो. ते जळाले, तर पांढऱ्या भागावरची कातडी रक्तवाहिन्यांसह काचेवर चाल करून येते.

आता थोडे मागे जाऊ. ७ डिसेंबर १९०५. आजच्या चेक प्रजासत्ताकातले ओलोमोउत्स हे गाव. तिथल्या एडुआर्ड त्सिर्म या डॉक्टरकडे अलोइस ग्लोगार नावाचा मजूर आला होता. चुन्याने त्याचे दोन्ही डोळे भाजले होते. त्याच सुमारास लोखंडाचा तुकडा घुसलेला एका मुलाचा डोळा काढावा लागला. त्याची काच मात्र चांगली होती. त्सिर्मने ती ग्लोगारच्या डोळ्यांवर बसवली. एका डोळ्यातली काच टिकली नाही. दुसऱ्यातली स्वच्छ राहिली आणि तो माणूस पुन्हा कामाला लागला. माणसाची काच माणसाला बसवण्याचे हे पहिले यश. पुढे १९३० च्या दशकात ओडेसाच्या फिलातोव्ह यांनी मृत व्यक्तीच्या डोळ्यांची काच वापरण्याचा मार्ग रुळवला, १९४४ साली न्यूयॉर्कमध्ये नेत्रपेढी निघाली आणि १९४५ साली मद्रासला आपल्या देशातली पहिली. आपल्याकडे, तेव्हाच्या मुंबई राज्यात, १९५७ साली यासाठी कायदाही झाला. १९९४ साली अवयव प्रत्यारोपणाचा केंद्रीय कायदा आला.

पण गंमत अशी, की पहिले यश ज्या चुन्याच्या जखमेत मिळाले, त्याच जखमेने पुढे सर्वांत जास्त अपयश दिले. चुन्याने भाजलेल्या डोळ्यावर कितीही चांगली काच बसवा, काही महिन्यांत ती गढूळ होते, तिच्यावर रक्तवाहिन्या चढतात. हाताला यश नाही म्हणून डॉक्टर कपाळाला हात लावत. कारण कळायला १९८० चे दशक उजाडावे लागले. चुना काचेबरोबर काठाचे बियाणेही जाळतो. नवे शेत आणून दिले, पण पेरणार काय?

बियाणेच आणून लावायचा विचार मग पुढे आला. १९८९ साली अमेरिकेत केन्यन आणि त्सेंग यांनी चांगल्या डोळ्याच्या काठाचे तुकडे भाजलेल्या डोळ्यावर लावल्याचे प्रसिद्ध केले. पण चांगल्या डोळ्याचे जास्त काढले तर त्याचेही नुकसान. १९९७ साली इटलीतल्या पेलेग्रिनी आणि सहकाऱ्यांनी अगदी छोट्या तुकड्यातून प्रयोगशाळेत पापुद्रा वाढवला आणि तो दोन रुग्णांना लावला. त्याच वाटेने तयार झालेल्या उपचाराला २०१५ साली युरोपात मान्यता मिळाली. पण अशी प्रयोगशाळा महाग. गावोगावी ती कुठून आणायची?

त्यावर तोड निघाली ती हैदराबादला. एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत डॉ. वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक पद्धत जाहीर केली. चांगल्या डोळ्याच्या काठाचा दोन मिलिमीटर लांब-रुंद तुकडा घ्यायचा, त्याचे आठ-दहा कण करायचे आणि भाजलेल्या डोळ्यावर पातळ पडदा अंथरून त्यावर ते कण चिकटवायचे. पडदा कोणता? बाळंतपणात वारेबरोबर येणारा गर्भपिशवीचा पातळ पापुद्रा. पेशी वाढायला वेगळी प्रयोगशाळा नकोच. डोळा हीच प्रयोगशाळा. भाताची रोपे लावावीत तसे हे कण रुजतात आणि पसरत एकमेकांना मिळतात. आज ही पद्धत भारताबाहेरही वापरली जाते.

तंबाखूबरोबरच्या चुन्याची प्लॅस्टिकची पुडी लहान मूल खेळता खेळता दाबते आणि ती डोळ्यात फुटते. असे डोळे मी पाहिले आहेत. म्हणून हे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. चुना डोळ्यात गेला तर दवाखान्याची वाट धरण्याआधी, त्याच जागी, स्वच्छ पाण्याने निदान अर्धा तास डोळा धुवा. पापणीखालचे कण धुऊन काढा. मग दवाखाना. काठाचे बियाणे वाचते की जाते, ते पहिल्या काही मिनिटांत ठरते.

दुसरा, मधला थर. इथला कायदा वेगळा. १९५७ साली डेव्हिड मॉरिस यांनी दाखवून दिले, की काच पारदर्शक राहते ती मधल्या थरातल्या तंतूंच्या शिस्तीमुळे. सारख्या जाडीचे तंतू सारख्या अंतरावर रचलेले असतात, म्हणून प्रकाश विखुरत नाही. या तंतूंमध्ये पातळ, शांत पेशी पडून असतात. १९६८ साली असे दिसून आले, की वरचा पापुद्रा नुसता खरवडला, तरी त्याच्या खालच्या या पेशी नाहीशा होतात. त्या कशा जातात ते १९९६ साली विल्सन आणि सहकाऱ्यांनी सांगितले. वरच्या जखमी पेशींचा निरोप मिळताच त्या शिस्तीत आपणहून मरतात. मग शेजारच्या पेशी जाग्या होतात, संख्येने वाढतात आणि दुरुस्तीला लागतात. जखम खोल असेल आणि वरचा पडदा फाटला असेल, तर त्या जखम आवळून धरणाऱ्या पेशी बनतात. त्या घाईघाईने तंतू विणतात. जखम बुजते, पण तंतूंची शिस्त मोडते. गावाकडे आपण म्हणतो ना, ‘डोळ्यात फूल पडले’, ते फूल म्हणजे हे ओबडधोबड विणकाम. फिरखो पुवाबाबत चुकले असतील, पण इथे बांधकाम करणारे बरेचसे स्थानिकच निघाले.

तिसरा थर सर्वांत आतला. मधाच्या पोळ्यासारख्या षटकोनी पेशींची ही एकच रांग. तिचे काम म्हणजे काचेत झिरपणारे पाणी अहोरात्र उपसत राहणे. हा थर बिघडला की काच फुगते आणि धुरकट होते. सशाच्या डोळ्यात या पेशी जखमेनंतर वाढतात. माणसाच्या डोळ्यात जवळजवळ वाढतच नाहीत. एक पेशी गेली की तिच्या शेजारणी पसरून जागा भरून काढतात, पण संख्या कमी ती कमीच. मोठेपणी दर चौरस मिलिमीटरला अडीच हजारांच्या आसपास असलेल्या या पेशी दरवर्षी अर्ध्या टक्क्याहून थोड्या जास्त घटतात. ही पुंजी आयुष्यभर पुरते, पण तिच्यात भर पडत नाही.

१९७० च्या दशकात जिवंत माणसाच्या डोळ्यातल्या या पेशींचे फोटो काढता येऊ लागले आणि मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत त्यांची किती नासधूस होते ते लक्षात आले. कृत्रिम भिंग आत जाताना या थराला नुसते चाटून गेले तरी पेशी सोलून निघत. त्यावर १९८० च्या सुमारास मधासारखा दाट, पारदर्शक द्रव आला. शस्त्रक्रियेच्या वेळी तो डोळ्यात भरला की आतला थर सुरक्षित राहतो. सुरुवातीला तो कशापासून काढत, माहीत आहे? कोंबड्याच्या तुऱ्यापासून! आज आपल्या आजी-आजोबांचे मोतीबिंदू इतक्या सहज निघतात, त्यात कोंबड्याच्या तुऱ्याचाही वाटा आहे. पुढे हॉलंडच्या मेलेस यांनी संपूर्ण काच न बदलता फक्त आतला थर बदलण्याच्या पद्धती आणल्या. २०१८ साली जपानच्या किनोशिता आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशी सुईने डोळ्यात सोडून अकरा रुग्णांची काच स्वच्छ झाल्याचे प्रसिद्ध केले.

एवढे ज्ञान झाले. पण उसाच्या फडात ते पोहोचते का? एक माणूस मला नेहमी आठवतो. ऊसतोडीला आलेला, चाळिशीचा. पाते डोळ्याला लागले. मुकादमाची उचल घेतलेली, खाडा परवडणार नव्हता. आधी बायकोने पदराचा बोळा करून फुंकर घातली, मग कुणीतरी मध घातला. मग औषधाच्या दुकानातून विचारून थेंब आणले. त्यात स्टेरॉइड होते. लाली कमी झाली, बरे वाटले आणि आत बुरशी वाढत राहिली. बाराव्या दिवशी तो आला तेव्हा काचेचा मध्य विरघळला होता. व्रण भरायला दोन महिने लागले. डोळा वाचला, नजर गेली. “एवढंसं तर लागलं होतं, साहेब,” एवढेच तो म्हणाला.

लागले होते ते खरोखरच एवढेसे होते. वरचा पापुद्रा एक-दोन दिवसांत झाकला गेला असता. पण तो उघडा असताना जंतू आत शिरले, की तेच काम मधल्या थरावर येऊन पडते. आणि तिथे भरून येणे म्हणजे फूल पडणे. दोन थरांमधला हा फरक किती तासांचा असतो? याचे उत्तर २००१ साली नेपाळमधून आले. भक्तपूर भागात डॉ. मदन उपाध्याय आणि सहकाऱ्यांनी गावातल्याच आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवून तयार केले. डोळ्याला ओरखडा आलेल्या माणसाने त्यांच्याकडे यायचे, त्यांनी तपासून तीन दिवस साधे प्रतिजैविक मलम द्यायचे. असे ४४२ जण झाले. त्यांतल्या २८४ जणांना अठरा तासांच्या आत मलम सुरू झाले होते. त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. जे चोवीस तासांनंतर आले त्यांच्यात चारातल्या एकाहून अधिक जणांना झाला.

अठरा तास. म्हणजे आज दुपारी लागले तर उद्या सकाळपर्यंत. या वेळात गावातल्या आशाताईंपर्यंत, प्राथमिक आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचता येते. डोळ्यात फुंकर, मध, दूध काही नको. डोळा चोळायचा नाही. दुकानातून विचारून थेंब आणायचे नाहीत. मुकादमांना आणि बागायतदारांना माझी हात जोडून विनंती आहे, की डोळ्याला पाते लागलेल्या माणसाला त्या दिवशी फडातून सोडा. एका दिवसाचा खाडा भरून निघतो.

आणि ज्यांची काच गेलीच आहे, त्यांच्यासाठी आपण सगळे आहोत. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्रपेढीला कळवले, तर नेत्रदान होऊ शकते. चष्मा असला, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेली असली तरी चालते. तोवर डोळ्यांवर पंखा नको, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवावा. फॉर्म भरलेला असला तरी फोन घरच्यांनाच करावा लागतो, म्हणून आज जेवताना ही गोष्ट घरात बोलून ठेवा.